एफएक्यू ग्रेडचे प्रश्न (ओलावा १२ टक्क्यांच्या आत)

हमीभावाच्या खरेदीत ‘एफएक्यू’ म्हणजे मालाचा ठरलेला दर्जा. त्यात बसला नाही की मालाची बंडी (बैलगाडी) परत. इंटरनेटवर एफएक्यू म्हणजे लोक घडीघडी विचारतात ते प्रश्न. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातली काही मंडळी. एक ऑनलाइन अर्ज भरून देणारा दुकानवाला (लिहितोय तो मीच), एक जीवशास्त्राच्या मॅडम, एक आशाताई, एक वायरमनचा पोट्टा आणि अधूनमधून येणारे दोन-चार जण. मोबाईलवर विनोदी चित्रं करतो आणि व्हॉट्सॲपवर सोडतो. त्यावर जे प्रश्न येतात त्यांची उत्तरं खाली.

तुमचे जोक अर्धे कळतात, अर्धे डोक्यावरून जातात. हे नेमकं असतं काय?

दोन गोष्टींची मिसळ. एक, गणित-विज्ञान-कॉम्प्युटरवाल्या पोरांची थट्टा: सर्व्हर, लूप, अपूर्णांक, प्रयोगशाळेतलं मांजर. दुसरी, राजकीय टोमणा, आणि तोही एका बाजूचा: शेतमजूर, कास्तकार, बाई, दलित, आदिवासी यांच्या बाजूचा. असला विनोद जगभर चालतो, पण बहुतेक इंग्रजीत आणि एसीत बसून संगणक चालवणाऱ्यांसाठी.

आमच्याकडे एसी नाही, पण पोर्टल आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. पुढच्याच पावसाळ्यात कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायला अख्खं गाव दुकानापुढे उभं राहिलं. ‘सर्व्हर डाउन’ म्हणजे काय हे तेव्हा ऐंशीच्या आजीलाही कळलं. ओटीपी, केवायसी, अंगठा न जुळणं, ‘सेशन एक्सपायर्ड’… या विनोदाला जेवढं शिक्षण लागते तेवढं सरकारनंच घरपोच दिलं.

सातबाऱ्याचा जोक समजावून सांगा ना भाऊ.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सावकाश सांगतो. चित्रात एवढंच होतं:

७ ÷ १२ = ०.५८३३३३३…
भावाभावाची वाटणी. संपतच नाई.

पहिला थर गणिताचा. बाराच्या अवयवांत तीन येतो आणि दशांशात तीनाचा भाग पुरता जात नाही, म्हणून शेवटचा ३ येतच राहतो. दुसरा थर तलाठी कार्यालयाचा. गाव नमुना ७ म्हणजे जमीन कोणाची, गाव नमुना १२ म्हणजे तिच्यात पीक कोणतं; दोन्ही एका कागदावर आले की सातबारा. पिढी बदलली की त्यावर नावं वाढतात. जमीन काही वाढत नाही.

तिसरा थर दुसऱ्या दिवशीच्या चित्रात होता. तिथं भागाकार पुरा करून खाली लिहिलं:

बाकी: बहीण.

यावर आलेल्या शिव्या अजून जपून ठेवल्या आहेत. पण कायदा पाहा. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हिस्सा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर लागू झाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उरलीसुरली शंकाही काढून टाकली: हा हक्क जन्मानं मिळतो, २००५ मध्ये बाप जिवंत असायलाच हवा असं नाही. एवढं असून ‘हक्कसोड पत्र’ नावाचा कागद आमच्या तालुक्यात जोरात चालतो.

दुकानात पाहतो ना. ताई माहेरी आलेली असते, अंगावर नवी साडी. भाऊ मोटारसायकल सावलीत लावून येतो. ती पदराच्या गाठीतून आधारकार्ड सोडवते, मी झेरॉक्स काढतो. ‘वाचू का?’ असं ती विचारते, तर भाऊ म्हणते, ‘त्याच्यात काय वाचाचं, वकिलानंच लिहेल हाय.’ मग तो सगळ्यांसाठी चहा सांगते. साडी आणि चहा मिळून दोन एकराची पावती. त्यामुळे ‘बाकी: बहीण’ हे आम्ही मागे घेत नाही.

‘त्रुटी ४१८’ म्हणजे काय? ४०४ तर माहीत होतं.

४०४ म्हणजे पान सापडलं नाही. ई-पीक पाहणीच्या (वावरात उभं राहून मोबाईलवर पीक नोंदवायच्या) हंगामात आमचं चालतं ते: ‘४०४: वावर सापडले नाही. आपण वावरातच उभे आहात का?’

४१८ त्याहून मजेशीर. १ एप्रिल १९९८ ला इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी एप्रिल फूल म्हणून एक खोटी नियमावली काढली, कॉफीचं यंत्र इंटरनेटवरून कसं चालवायचं याची. त्यात एक उत्तर असं: कोणी चहाच्या किटलीला कॉफी मागितली तर तिनं ४१८ म्हणावं, म्हणजे ‘मी किटली आहे’. गंमत म्हणून केलेला तो आकडा आजही प्रोग्रामरांच्या तोंडी आहे.

आता तहसीलमध्ये जा. कागद पुढे करा. ‘हे काम या टेबलाचं नाई.’ झालं, ४१८! साहेब खरंच चहाला गेले असतील तर जोक दुप्पट.

श्रोडिंगरची कर्जमाफी?

श्रोडिंगर हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ. १९३५ मध्ये त्यांनी एक कल्पना मांडली: पेटीत मांजर, सोबत विष सोडणारी एक अणूच्या भरवशावरची यंत्रणा. पेटी उघडेपर्यंत मांजर जिवंत आणि मेलेलं, दोन्ही मानायचं. आमचं चित्र असं होतं (हिरवी यादी म्हणजे माफी मंजूर झालेल्यांची): ‘हिरवी यादी उघडेपर्यंत कास्तकार माफ बी हाय अन् थकबाकीदार बी हाय.’

यावर जीवशास्त्राच्या मॅडमनी (पदार्थविज्ञानही त्यांनाच शिकवावं लागते, जागा भरलेली नाही) एक गोष्ट लक्षात आणून दिली. श्रोडिंगरनं ती मांजर कोणाला पटवायला आणली नव्हती. पुंजभौतिकीचा (अणूंच्या जगाच्या शास्त्राचा) तेव्हाचा अर्थ रोजच्या जगात आणला तर किती हास्यास्पद होतो, हे दाखवायला आणली होती. म्हणजे मांजर मुळात टोमणाच होता. तिला कर्जमाफीच्या यादीत बसवलं तर तिचं मूळ काम तिला परत मिळते.

अन् पेटी उघडल्यावर? २०१७ ची योजना दीड लाखांपर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची. दोन्ही वेळा दुकानात एकच वाक्य ऐकू येत होतं: ‘शेजाऱ्याचं झालं, मायं काऊन नाई?’

बोंडअळी आणि डार्विन एकाच चित्रात कशाला?

कारण ते दोघं एकाच वावरात राहतात. चित्रात गुलाबी बोंडअळी चष्मा लावून बसलेली आणि खाली ओळ: ‘मी दहावीचं पुस्तक वाचलं नाई, तरी उत्क्रांत झाली.’

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेनं, म्हणजे एनसीईआरटीनं, दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला. २०२३ मध्ये त्यावर देशभरातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर विरोध केला. आता आमच्या मॅडमचं म्हणणं ऐका: उत्क्रांती शिकवायला विदर्भाएवढी चांगली प्रयोगशाळा नाही. भारतात बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचं बियाणं २००६ मध्ये. बियाण्यातल्या प्रथिनानं अळी मरत होती. पण लाखात एखादी अळी अशी असते जिला ते विष पचते. आजूबाजूला साधी पऱ्हाटी (बिगर-बीटी कापूस) असली तर तिथं साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग या चिवट पतंगांशी जुळतात आणि चिवटपणा पातळ होत जातो. यासाठीच ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं दिलं जात होतं, वावराच्या कडेनं लावायला.

ते कोणी लावलं? जवळपास कोणीच नाही. पाच एकरवाल्याला कडेच्या ओळी मुद्दाम अळीला खाऊ घालायला सांगणं म्हणजे काय, हे त्या वावरात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. समजावून सांगणारा कृषी सहायकही किती गावं पाहणार? मग २०१७ च्या खरिपात बोंडं उघडली तर आत गुलाबी अळी. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यांच्यावर चित्र नाही. चित्र पुस्तकातून धडा काढणाऱ्यांवर आहे.

हे सगळं पुण्या-मुंबईचं आणि परदेशी फॅड. खेड्यात कशाला आणता?

पोळ्याला गावात असता का? तोरणाखाली बैल उभे राहिले, वाजंत्री थांबली, की कोणीतरी हात वर करून झडती म्हणते. झडती म्हणजे चार-सहा ओळींचा यमकाचा टोमणा. त्यात पाटील सुटत नाही, सावकार सुटत नाही, सरकार तर नाहीच. रचणारा कोण ते कोणाला माहीत नसते. शेवटची ओळ ठरलेली असते, मधला मजकूर ज्याचा त्याचा, आणि एका गावची झडती दुसऱ्या गावात जाताना दोन ओळी बदलून जाते. आजची पोरं याला टेम्पलेट म्हणतात. आमच्या दुकानापुढं तयार झालेली ही एक:

ओटीपी रे ओटीपी, कुठी गेला ओटीपी?
टॉवरखाली उभा राह्यलो, हाती घेऊन टोपी.
टोपी उडाली वाऱ्यात, अर्ज अडकला ताऱ्यात,
साहेब म्हणे पुन्हा भर, मुदत सरली काल,
बैल म्हणे मालकाले, आता तरी चाल!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे मिरवून जाळायचा बाईचा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे असतात, म्हणजे माणसाच्या उंचीहून मोठे पुतळे. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, त्या वर्षी जो डोक्यात बसला असेल त्याचा बडगा. गळ्यात पाटी, पाटीवर दोन ओळी. मोठं चित्र आणि खाली बोचरी ओळ, अजून काय असते मीम? नागपूर सोडा, खेड्यातले पोट्टेही त्या पहाटे ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत गावाबाहेर धावतात.

आणि पुरोगामी म्हणाल तर गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांचं कीर्तन म्हणजे वऱ्हाडीतले सवाल-जवाब. ते विचारायचे, समोरचा अडाणी म्हणवला जाणारा माणूस उत्तर द्यायचा, आणि हसता हसता नवस, बळी, शिवाशिव, कर्ज काढून केलेली तेरवी यांच्यातली हवा निघून जायची. भजनाच्या चालीत हे चालायचं म्हणून कोणाला टोचलं नाही असं नाही, टोचलंच. परदेशी फॅड म्हणणाऱ्यांनी आधी शेंडगाव कुठं आहे ते सांगावं.

शेतकरी आत्महत्येवर जोक करता का?

गेलेल्या माणसावर, त्याच्या घरच्यांवर, झाडावर, दोरीवर, डब्यावर, काहीच नाही. असं कोणी पाठवलं तर उत्तरही देत नाही.

मागे राहिलेल्या फॉर्मवर मात्र करतो. पात्र ठरलं तर कुटुंबाला १ लाख रुपये मदत मिळते. ही रक्कम २००६ पासूनची. तेव्हाचे १ लाख आणि आजचे १ लाख यांत किती फरक पडला, हे कोणत्याही लग्नघरी विचारा. पात्रतेसाठी जमीन घरच्यांच्या नावावर हवी, कर्ज मान्यताप्राप्त ठिकाणचं हवं. मक्त्यानं वावर करणारा आणि बिनपरवाना सावकाराकडून पैसे उचललेला माणूस या चाळणीतून खाली पडतो. आम्ही फक्त हा प्रवाह-तक्ता काढला होता, चौकोन आणि बाण. शेवटचा बाण ‘अपात्र’ या चौकोनात जातो आणि तिथून बाहेर बाण नाही. खाली एकही ओळ लिहिली नाही. तो विनोद होता का, हा वाद आमच्यातच अजून मिटलेला नाही. आशाताई म्हणतात नव्हता, आणि तो पाठवायला नको होता. मला वाटते हवा होता.

जातीवर बोलायची काय गरज? गावात सगळे मिळून राहतात.

‘तीन टप्प्यांची पडताळणी’ हे चित्र पाहून हा प्रश्न आला होता. नव्या माणसाशी बोलणं कसं सुरू होते ते आठवा:

टप्पा १: नाव काय?
टप्पा २: पूर्ण नाव सांगा ना.
टप्पा ३: कोणत्या गावचे? कोणत्या बाजूला राहता?

तिसऱ्या उत्तरानंतर लॉगिन होते किंवा खाते लॉक होते. चहा कपात येईल की डिस्पोजेबलमध्ये, हे तिथंच ठरते. सगळे मिळून राहतात तर पासवर्ड कशाला विचारता?

नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला जे झालं, ते आमच्या गावातून पायी आणि बंडीनं गेलेल्यांच्या नातवंडांना सांगायची गरज नाही. चित्र त्यांच्यासाठी नाहीच. टप्पा २ वर थांबून हसणाऱ्यांसाठी आहे. एक नियम मात्र पाळतो: कोणत्याही जातीच्या बोलण्याची, खाण्याची, आडनावाची नक्कल नाही. विचारणाऱ्यावर जोक, सांगणाऱ्यावर नाही.

भेंडवळच्या घटमांडणीची टिंगल का केली? श्रद्धा आहे लोकांची.

टिंगल घटमांडणीची कमी, टीव्हीची जास्त होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय तृतीयेला संध्याकाळी वावरात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत काय हललं-सरकलं यावरून पाऊसपाण्याचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. पानविड्यावरून राजाचं, म्हणजे सरकारचं. आमचं चित्र होतं: ‘भेंडवळ: विडा तरी ठेवला होता. एक्झिट पोल: विडाही नाई.’ जून २०२४ मध्ये लोकसभेच्या बहुतेक एक्झिट पोलनी सत्ताधारी आघाडीला ३५० च्या वर जागा दिल्या होत्या, आल्या २९३.

पण शास्त्राच्या बाजूनं बोलायचं ते बोलतोच. ‘जूनमध्ये कमी-जास्त, जुलैत साधारण, ऑगस्टात कुठे कुठे जास्त’ हे वाक्य कोणत्याच वर्षी खोटं ठरू शकत नाही, आणि जे खोटं ठरूच शकत नाही त्याच्या भरवशावर बियाणं घेऊ नये. हवामान खात्यालाही सोडत नाही. त्यांचा ‘सामान्य पाऊस’ म्हणजे सगळ्या देशाच्या ८७ सेंटीमीटर सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के. देशाची सरासरी जुळली, पण आमच्या शिवारात तीन आठवडे कोरडे आणि मग एका रात्रीत सगळं पाणी, तर सोयाबीन सरासरी खात नाही.

लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हा काय काय फॉरवर्ड आले होते! पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं तर मिठात जगणारे सूक्ष्मजीव निघाले. त्यावरचं आमचं चित्र: ‘पाणी कोपलं नाई, त्यात लोक राहतेत.’

देवावर जोक करत नाही. देवाच्या नावानं पावती फाडणाऱ्यावर करतो. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये झाला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. ही गोष्ट आठवली की हसू येत नाही, म्हणून तिच्यावर चित्र नाही.

तुम्ही कोणत्या पक्षाचे?

मत कोणाला द्यायचं ते एकमेकांनाही सांगत नाही. पण तटस्थ नाही. मजुराची मजुरी, बाईचा हिस्सा, दलिताची चहाची कपबशी, आदिवासीचं जंगल, यावर आमची बाजू ठरलेली आहे. ती बाजू एखाद्या दिवशी एखादा पक्ष घेत असेल तर त्या दिवशी तो सुटतो. दुसऱ्या दिवशी बडग्यासारखा त्याच्याही गळ्यात पाटी.

पोलीस पकडतील का? ग्रुपचा ॲडमिन मी आहे.

हा प्रश्न लोक कुजबुजत विचारतात, मी उघड उत्तर देतो. वकील नाही, दुकानदार आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

२०१२ मध्ये पालघरला एका बंदविषयी फेसबुकवर लिहिलं आणि लाइक केलं म्हणून दोन मुलींना अटक झाली. त्यावेळचं आयटी कायद्यातलं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवून काढून टाकलं. कोणी आजही ‘६६अ लावीन’ म्हणालं तर शांतपणे तारीख सांगा. ॲडमिनचं म्हणाल तर ते प्रकरण आपल्याच भागातलं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका गुन्ह्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं की सदस्यानं टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार होत नाही. दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. केंद्र सरकारविषयी ‘खोटं’ काय ते सरकारच्याच कक्षानं ठरवायचं, हा नियमही मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

आता दुसरी बाजू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. तिच्यात गटागटांत वैर पसरवणं (१९६), धार्मिक भावना दुखावणं (२९९), अफवा (३५३), बदनामी (३५६) ही कलमं आहेत. शेवटी सुटला तरी ठाण्याच्या चकरा कोणाला चुकत नाहीत, आणि मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून गावातल्या खाजगी माणसाचं नाव, फोटो, फोन नंबर कधीच नाही. धोरण असलं तर धोरणाचं नाव, पद असलं तर पदाचं.

अफवेचं वेगळं सांगतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. ‘जोकच तर आहे’ म्हणून खोटी बातमी पुढं ढकलणाऱ्याला आम्ही ग्रुपमधून काढतो. चर्चा नाही.

आकडे कुठून आणता? जोकात एवढं कोण पाहते?

आम्ही पाहतो. टीकेत आकडा चुकला की समोरचा फक्त आकड्यावर बोलते आणि मूळ मुद्दा बांधावर राहते. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०, सोयाबीनचा ५,३२८. हे सरकारनं जाहीर केलेले. कापसाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, पुढे प्रत्येक टक्क्याला कटती, १२ च्या वर माल नाही. याच्यावरचं चित्र आमचं सगळ्यात जास्त फिरलं: ‘कास्तकारासाठी नेत्याच्या डोळ्यात आलेलं पाणी कोणत्या मीटरनं मोजाचं? १२ च्या वर असन तर परत.’

ते पाहून वायरमनच्या पोट्ट्यानं हातात धरायचं ओलावा मीटर मागवलं आणि खरेदी केंद्रावर नेलं. एकाच ढिगात, हातभर अंतरावर, त्याच्या मीटरनं ११.४ दाखवलं आणि केंद्राच्या मीटरनं १३.८. दोन्ही मीटर एकमेकांशेजारी धरून तो तसाच उभा राहिला. मागच्या बंड्यांवरचे लोक उतरून पाहायला आले. शेवटी तिसऱ्यांदा मोजलं आणि माल गेला. म्हणून ‘जोकानं काय होते?’ या प्रश्नाला माझं उत्तर: क्वचित एक बंडी उतरते.

नवरा-बायकोचे जोक का टाकत नाही? ते तर सगळ्यांना आवडतात.

आशाताईंना आवडत नाहीत. विषय संपला.

कृषिपंपाच्या ‘डार्क मोड’चा जोक आता दिसत नाही?

‘रात्रीची लाइन: डार्क मोड. बंद करता येत नाई. सोबत साप फ्री.’ चांगला चालला. पण शेजारच्या शिवारात सौरपंप बसले आणि तिथल्या लोकांनी दिवसा ओलीत करत असल्याचे फोटो पाठवले. ज्यांच्याकडे अजून रात्रीचीच पाळी आहे त्यांच्यासाठी तो जिवंत आहे, त्यांनी खुशाल फिरवावा. आम्ही थांबवला.

चित्रं कशात करता? एआय वापरता का?

साध्या मोबाईलवर, फुकटच्या ॲपमध्ये. एआयनं चित्र काढून पाहिलं. बैलाला पाच पाय आणि देवनागरीची जोडाक्षरं अर्धी गिळलेली. वाक्य तर आम्ही त्याला कधीच लिहू देत नाही, त्याला ‘काऊन’चा सूर जमत नाही. एक विनंती: ‘वऱ्हाड’ लिहिताना ‘वर्हाड’ लिहू नका. युनिकोडमध्ये त्या ऱ ला ०९३१ ही स्वतंत्र जागा दिलेली आहे, ती वापरा. प्रमाण मराठीत चित्र करा म्हणणाऱ्यांना हेच सांगतो: करून पाहिलं, कोणी हसलं नाही.

मला पाठवायचा आहे. काय करू?

चित्र पाठवा किंवा नुसती ओळ पाठवा. आकडा असेल तर कोणत्या जीआरमधला किंवा कोणत्या वर्षाचा ते सोबत लिहा. ज्याच्यावर जोक आहे तो माणूस तुमच्याहून वर बसलेला आहे का, एवढं पाहून घ्या. रांगेत तुमच्या मागं उभा असेल तर पाठवू नका. गणित चुकलं तर मॅडम लाल पेनानं परत पाठवतील, राग मानू नका, त्या सगळ्यांनाच तसं करतात. सोंगणीच्या दिवसांत आणि पीक विम्याच्या शेवटच्या आठवड्यात उत्तर उशिरा मिळेल. दुकानापुढं रांग असते आणि सर्व्हर… बरं, ते तुम्हाला माहीतच आहे.